वेळेवर घेतलेली रजा

डॉक्टर,

काल तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हतात ते बरं झालं. असतात तर दुसऱ्या भाषणाला उठून गेला असतात, आणि जाता जाता तीन पंख्यांपैकी दोन बंद करून गेला असतात. व्यासपीठावर तुमचा फोटो होता, तोही वीस वर्षांपूर्वीचा, केस काळे असलेला. सहा वक्ते होते. त्यांतले दोघे तुमच्याकडे कधी तपासायला आल्याचं मला आठवत नाही, आणि तुमच्या दवाखान्यात कोण येतं, कोण जातं हे शेजारच्या औषधांच्या दुकानात बसून मी एकतीस वर्षं पाहिलेलं आहे. तरी त्या दोघांचाच गळा सगळ्यात जास्त दाटून आला.

सहापैकी चौघांनी सांगितलं, ‘‘डॉक्टरांनी अखेरच्या श्वासापर्यंत रुग्णसेवा केली.’’ शोकसभा होती म्हणून टाळ्या पडल्या नाहीत, पण हात सगळ्यांचे तयारीत होते. शेवटी मलाही बोलायला सांगितलं. मी माइकपर्यंत गेले, ‘‘डॉक्टर चांगले होते,’’ एवढं म्हणाले आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरत नाही. मला हसू आवरत नव्हतं. अखेरच्या श्वासाआधीचे अकरा महिने तुम्ही एकाही पेशंटच्या मनगटाला हात लावला नव्हता. आणि तुमच्या सगळ्या आयुष्यात तुम्ही केलेलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. ते माइकवर सांगता येईना, म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्या अमोलला पुण्याला फोन करून आधी सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘छापा. बाबांना खोटी स्तुती आवडायची नाही, खरी तर अजिबातच नाही.’’

आधी एक कबुली. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले, आणि रडता रडताच मला हायसं वाटलं. शेजारच्या माणसाच्या मरणाने हायसं वाटणारी बाई म्हणून लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. मला दीड वर्ष, तुम्ही थांबल्यावरही थोडी, एकाच गोष्टीची धास्ती होती: तुमच्या हातून कोणाचा तरी जीव जाईल, आणि मग तुम्ही ते ओझं घेऊन जगाल. तसं झालं नाही. तुम्ही गेलात आणि तुमच्यामुळे कोणीही गेलं नाही. मरणाऱ्या डॉक्टरबद्दल याहून मोठं वाक्य मला सुचत नाही.

तुमचं अक्षर ही रत्नागिरीतली एक अडचण होती. तुमचे डॉक्टर मित्रसुद्धा चिठ्ठी हातात घेऊन मला फोन करत, ‘‘बाई, हे काय लिहिलंय हो याने?’’ मला मात्र एकतीस वर्षांत तुमचं एक अक्षर लागलं नाही असं झालं नाही. चिठ्ठी दाराशी आली की मी कपाटाकडे हात केलेला असे.

दीड वर्षापूर्वी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कर्ल्याच्या एका चार वर्षांच्या मुलीची चिठ्ठी आली. तापाचं साधं औषध. मात्रा मात्र तिच्या बापाला पुरेल एवढी. मी दोनदा वाचली. आई समोर उभी, मुलगी तिच्या खांद्यावर, आणि तुमच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. तिथे जाऊन ‘‘डॉक्टर, तुमचं चुकलं’’ म्हणायचं? मी चिठ्ठी दत्तारामच्या हाती परत पाठवली. दत्ताराम तुमचा कंपाउंडर, पण निरोप्याचं काम तो जास्त मन लावून करायचा. म्हटलं, ‘‘सांग, बाईंना अक्षर लागत नाही.’’

दत्ताराम माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘तुम्हांला? डॉक्टरांचां?’’

‘‘हो. मला. डॉक्टरांचं.’’

तुम्ही दुसरी चिठ्ठी लिहिलीत. ती बरोबर होती.

मी स्वतःची समजूत घातली, की गर्दी होती, दमला असाल. तीन आठवड्यांनी आळीतल्या एका निवृत्त मास्तरांना मधुमेहाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी लिहून आली. पुन्हा ‘‘अक्षर लागत नाही.’’ पुन्हा दुसरी चिठ्ठी, पुन्हा बरोबर. गणपतीपासून शिमग्यापर्यंत अशा सात चिठ्ठ्या परत गेल्या. चौथ्या वेळी तुम्ही स्वतः माझ्या काउंटरपाशी आलात.

‘‘बाई, हल्ली तुम्हांला माझं अक्षर लागेनासं झालंय. डोळे तपासून घ्या.’’

‘‘घेते,’’ मी म्हटलं.

आणि घेतले. चष्मेवाला म्हणाला, ‘‘तुम्हांला चष्मा लागत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘बनवून द्या, मला लागतो.’’ तो साध्या काचेचा चष्मा मी तुम्ही दिसलात की लावत असे. पुस्तकं वाचताना काढून ठेवत असे. तुम्हांला हे विचित्र कसं वाटलं नाही, याचंच मला नवल वाटायचं.

त्या दिवसांत मी तुम्हांला आडून आडून सुचवलं होतं, की महिनाभर अमोलकडे जाऊन या, इथे बदली डॉक्टर ठेवू. तुम्ही म्हणालात, ‘‘बदली डॉक्टर म्हणजे एसटीचा बदली ड्रायव्हर. गाडी येते त्याला, पण आंबा घाटातलं कुठलं वळण कसं आहे ते माहीत नसतं.’’ तुमचा बदलीचा अनुभव मला ठाऊक होता. अमोलच्या लग्नाला चार दिवस तुम्ही एक बदली डॉक्टर ठेवला होता. लग्नाहून परत आलात आणि त्याने तपासलेले सगळे पेशंट पुन्हा बोलावून स्वतः तपासलेत. एकातही काही चूक सापडली नाही, म्हणून दिवसभर घुश्श्यात होतात.

शिमग्याच्या सुमारास गुहागरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. औषधांचं दुकान फार्मासिस्टशिवाय उघडं ठेवता येत नाही, म्हणून दोन दिवसांसाठी मी एक बदली फार्मासिस्ट बसवला. म्हणजे तुम्ही ज्याला नावं ठेवत होतात तेच मी केलं. निवृत्त, सज्जन, नीटनेटके गृहस्थ. चिठ्ठीत असेल ते तसंच्या तसं देणारे. याहून चांगला बदली माणूस मिळाला नसता. घोळ तिथेच झाला.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि कपाटात एक कप्पा रिकामा दिसला. सांधेदुखीची ती पिवळी गोळी. आपल्याकडे ती एकच बाई घेते, मिरकरवाड्यातली मच्छीवाली हमीदा. आठवड्यातून एकदा, बुधवारी. महिन्याला चार गोळ्या. रोज घेतली तर ती गोळी शरीरातलं रक्त तयार व्हायचं थांबवते, आणि दोन आठवड्यांत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. कप्प्यातून तीन पट्ट्या गेल्या होत्या. तीस गोळ्या. म्हणजे कोणीतरी ‘रोज एक’ लिहिलं होतं, आणि कोणी ते मला सांगायला नको.

शटर अर्धं ओढून मी बंदरावर उतरले. लिलाव संपत आला होता. बर्फाच्या लाद्या ओढत माणसं ओरडत होती, आणि हमीदा बांगड्यांच्या दोन टोपल्यांमागे पाय पसरून बसली होती.

‘‘हमीदा, शनिवारी नेलेल्या पिवळ्या गोळ्या कुठे आहेत?’’

‘‘घरात. का गो?’’

‘‘खाल्ल्यास?’’

‘‘बुधवार कुठे इलोय?’’

मी तिथेच एका पालथ्या टोपलीवर बसले. 

‘‘चिठ्ठीत रोज लिहिलं होतं ना?’’

‘‘हां. तुझ्या त्या बदली माणसानपण तसांच सांगितलान, रोज एक. मी म्हटलां, बरां. दहा वर्षां बुधवारची गोली खातंय, ती आता रोजची कशी होईल? डॉक्टर चुकलान.’’

‘‘मग डॉक्टरांना जाऊन सांगायचंस!’’

हमीदाने टोपलीवरची माशी उडवली. ‘‘तोंडावर? माझी तीन पोरां त्याच्या औषधावर वाढली. मी त्याला कशी सांगू? तू शेजारी बसतंस, तू शिकलेली. तू का नाय सांगितलास?’’

ती मला टोचून बोलत नव्हती, डॉक्टर. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी बांगड्याचा भाव विचारला. तिने तो सांगितला नाही, सहा बांगडे पिशवीत टाकले आणि म्हणाली, ‘‘जा आता. रंग बघ तुझा कसा झालाय.’’

चढण चढून येताना माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा महिने मी समजत होते, की डॉक्टर आणि आपत्ती यांच्यामध्ये एकटी मी उभी आहे. आणि मी दोन दिवस हलले तर एका मच्छीवालीने स्वतःच स्वतःला वाचवलं. दवाखान्यात जाऊन दत्तारामला बाजूला घेतलं, तर त्याने अर्ध्या मिनिटात कबूल केलं, की दिवाळीपासून तो प्रत्येक इंजेक्शनची बाटली तुमच्या मागे दोनदा वाचत होता. निवृत्त मास्तर म्हणे घरी जाऊन पुस्तकात बघून मगच गोळी घेत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. अख्खी आळी तुमच्या चुका निमूटपणे दुरुस्त करत होती आणि तुम्हांला मात्र नमस्कार घालत होती. इतक्या आदराने माणूस मारण्याची तयारी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आणि सगळ्यांत पुढे मी. तुमची पहिली बदली डॉक्टर मीच होते, डॉक्टर. बिनपरवान्याची.

दुपारी पेशंट संपले तशी मी आत आले आणि हमीदाच्या घरून आणलेल्या तीन पट्ट्या तुमच्या टेबलावर ठेवल्या. वर तुमची चिठ्ठी. तुम्ही चिठ्ठी वाचलीत. मग चष्मा काढून पुसलात, पुन्हा वाचलीत.

‘‘तिने घेतल्या?’’

‘‘एकही नाही.’’

तुम्ही श्वास सोडलात. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

‘‘याआधी किती?’’

‘‘सात. मला दिसलेल्या.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘गणपतीपासून.’’

मला वाटलं होतं तुम्ही कोसळाल. तुम्ही उभे राहिलात आणि माझ्यावर ओरडलात. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ‘‘म्हणजे गणपतीपासून तुम्ही माझ्या पेशंटना धोक्यात ठेवलंत! कशासाठी? माझा मान राखायला? मी तुमच्याकडे मान राखायला दिला होता?’’

‘‘मी सांगितलं असतं तर तुम्ही मला हाकलून दिलं असतंत.’’

‘‘दिलं असतं! नक्की दिलं असतं! तरी सांगायला हवं होतं!’’

‘‘आणि तुम्हांला स्वतःला कळायला नको?’’

 आपलं हे भांडण तिथेच थांबलं, आणि नंतर दोघांपैकी कोणीही ते पुढे नेलं नाही. अजूनही माझं म्हणणं असं, की निम्मी चूक तुमची होती. तुमचं म्हणणं असं, की सगळी माझी होती. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा जिंकायची चांगली संधी आहे. पण खरं सांगते, तुमची बाजू बरोबर होती.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद. माझ्याशी तुम्ही नऊ दिवस बोलला नाहीत. दहाव्या दिवशी दत्ताराम निरोप घेऊन आला, ‘‘डॉक्टर म्हणतात, बदली डॉक्टर बघा. दोन आठवड्यांसाठी. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे असां सांगा.’’ मोतीबिंदू खरा होता. पण चार वर्षांच्या मुलीच्या औषधाची मात्रा मोतीबिंदूने चुकत नाही, हे तुम्हांला माझ्या आधी कळलेलं असणार. मी वाद घातला नाही. माणसाला घराबाहेर पडायला दार लागतं; ते कुठल्या भिंतीत काढायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

मग आपण बदली डॉक्टर शोधू लागलो. पहिले आले ते निवृत्त वैद्यकीय अधिकारी. त्यांच्या कार्डावर नावापेक्षा ‘माजी’ हा शब्द जास्त वेळा होता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, माझ्या नावाची पाटी कुठे? दोन आठवड्यांच्या माणसाला पाटी! दत्तारामने खडूने पुठ्ठ्यावर नाव लिहिलं, तेही एका ओळीत मावेना. पेशंटला औषध देण्याआधी ते दहा मिनिटं शिस्तीवर बोलत. पाचव्या दिवशी दत्तारामने त्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला, कपबशीत नाही. सहाव्या दिवशी ते आले नाहीत.

दुसरा एक तरुण. साध्या खोकल्याला सात औषधं लिहायचा. माझं दुकान भरभराटीला आलं असतं. तीन दिवसांनी मीच तुमच्याकडे येऊन त्याची तक्रार केली. तुम्ही डोळ्याला हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसला होतात. म्हणालात, ‘‘औषधवाली बाई जास्त औषधांची तक्रार घेऊन आली म्हणजे प्रकरण गंभीर आहे.’’ भांडणानंतरचं तुमचं हे माझ्याशी पहिलं वाक्य. त्या तरुणाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

आणि मग लांज्याची प्रज्ञा. एमबीबीएस झालेली, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणारी, रोज सकाळी एसटीने येणारी. डॉक्टर मंडळींत याला ‘लोकम’ म्हणतात, असं तिनेच मला सांगितलं. पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मी विसरणार नाही. पट्टी बांधून बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत जाऊन बसलात. दाराची फट मोजून जागा निवडलीत. आत काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून. शेजारच्या म्हाताऱ्याने तुमच्यापुढे हात केला, ‘‘डॉक्टर, जरा नाडी बघा हो.’’

‘‘मी रजेवर आहे,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘मग इथे कशाला बसलात?’’

‘‘माझा नंबर लागायचाय.’’

आणि खरंच, दुपारी एक वाजता तुमचा नंबर लागला. तुम्ही आत गेलात, पेशंटच्या स्टुलावर बसलात. प्रज्ञा गोंधळली, पण तिने तुमचा रक्तदाब घेतला. जास्त निघाला. तिने तुम्हांला सांगितलं, मीठ कमी करा, आणि गोळी लिहून दिली. तुम्ही म्हणालात, ‘‘मी डॉक्टर आहे, मला माझा रक्तदाब ठाऊक आहे.’’ ती म्हणाली, ‘‘मग गोळी का घेत नव्हतात?’’ बाहेर येऊन तुम्ही मला म्हणालात, ‘‘चालेल.’’ एवढंच. चव्वेचाळीस वर्षांचा दवाखाना तुम्ही त्या एका शब्दात दिलात.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा पहिली चिठ्ठी घेऊन स्वतः माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘बाई, माझ्या चिठ्ठीत काही चूक दिसली तर सरळ चूक म्हणा. डॉक्टरांनी मला सांगून ठेवलंय, बाईंना अक्षर लागत नाही असं त्या म्हणाल्या, की चिठ्ठी चुकली समजायचं. पण माझं अक्षर चांगलं आहे. ते सोंग माझ्याबाबत चालायचं नाही.’’

मी तिची चिठ्ठी वाचली. बरोबर होती.

म्हणजे तुम्हांला कळत होतं. पण कधीपासून? त्या दुपारी तीन पट्ट्या समोर ठेवल्यावर मागचं सगळं लक्षात आलं, की पहिल्याच चिठ्ठीपासून? ‘‘डोळे तपासून घ्या’’ म्हणालात तेव्हा कळलेलं होतं का? तेव्हा कळलेलं असेल, तर माझा तो साध्या काचेचा चष्मा तुम्ही तीन महिने सरळ चेहऱ्याने पाहत होतात. आणि तसं असेल, तर तुम्हीसुद्धा माझ्याइतकेच गप्प बसला होतात, आणि त्या दुपारी माझ्यावर ओरडताना निम्मे स्वतःवर ओरडत होतात. हे मला तुम्हांला विचारायचं होतं. अकरा महिने तुम्ही रोज माझ्या दुकानात येऊन बसत होतात, आणि रोज मी उद्या विचारू म्हणत होते. राहून गेलं. आता वाटतं, राहिलं ते ठीक झालं. तुम्ही हो म्हणाला असतात तर मला राग आला असता, नाही म्हणाला असतात तर विश्वास बसला नसता.

ते अकरा महिने मात्र फार छान गेले, हे तुम्हांला सांगायला हवं, कारण तुम्ही तेव्हा ते कबूल करायला तयार नव्हतात. दोन आठवड्यांची रजा एक महिन्याची झाली. मग दर महिन्याला तुम्ही प्रज्ञाला म्हणायचात, ‘‘आणखी एक महिना थांबाल का? डोळा अजून नीट नाही.’’ ती म्हणायची, ‘‘थांबते.’’ दोघंही अगदी गंभीर. कायमची नेमणूक हा शब्द कोणीच उच्चारला नाही. जगात इतकी लांबलेली तात्पुरती व्यवस्था मी फक्त सरकारी पुलांची पाहिली आहे. फरक एवढाच, की ही चालली.

तुम्ही दुपारी झोपू लागलात. मासे काटे काढून, सावकाश खाऊ लागलात. माझ्या काउंटरवरची पुस्तकं नेऊ लागलात आणि परत आणताना प्रत्येक लेखकाचं निदान करू लागलात: ‘‘याला अपचन आहे, लांब वाक्यांचं.’’ ‘‘या बाईला काही झालेलं नाही, उगाच कण्हते.’’ एकदा एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर आणून दिलीत. म्हणालात, ‘‘नायकाला पहिल्या प्रकरणातच पुरेशी झोप मिळाली असती तर पुढची चारशे पानं वाचली असती.’’ मी तीस वर्षं वाचतेय, माझ्याशी पुस्तकांवर इतकं कोणी बोललं नव्हतं. तुम्ही डॉक्टर असताना आपण फक्त औषधांवर बोलायचो. तुमची रजा मला फायद्याची झाली.

एकदा सांगितलंत, ‘‘बाई, हल्ली फोन वाजला तर मी दचकत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मीपण नाही.’’ आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी पट्ट्या लावत राहिले, तुम्ही बाहेर रस्त्याकडे बघत बसलात.

त्या सकाळी तुम्ही चहा मागितलात आणि तो येण्याआधी गेलात. दत्ताराम धावत प्रज्ञाला बोलवायला आला, मी तिच्या मागे. तिने जे करायचं ते सगळं केलं, मग थांबली. थांबायचं कधी हे तिला कळलं, आणि मला वाटलं, हे ती तुमच्याकडूनच शिकली. मृत्यूच्या दाखल्यावर सही तिची आहे. कारणाच्या रकान्यापाशी तिचा हात थोडा थांबला होता. मग स्वच्छ, सुवाच्य अक्षरात तिने लिहिलं.

शोकसभेला हमीदा आली होती. मागच्या रांगेत. चौथ्या ‘अखेरच्या श्वासापर्यंत’ला ती उठली आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘किती बोलतत गो! त्याला कळला असता तर त्याने औषध दिला असता ह्यांना.’’ आणि ताठ चालत गेली.

आता माझं. मी त्रेसष्टची झाले. तुमची सत्तरीतली चूक मी साठीतही करू शकते. औषधं तीच, कपाटं तीच, हात म्हातारा. आज सकाळी प्रज्ञा केबिनमध्ये एकटी होती, मी आत गेले.

‘‘प्रज्ञा, माझा हात चुकायला लागला, की मला तोंडावर सांगायचं. मला वाईट वाटेल. मी भांडेन. कदाचित महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही. तरी सांगायचं. जमेल?’’

ती काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘सांगेन की.’’

इतक्या चटकन म्हणाली, की मला रागच आला, डॉक्टर. थोडे आढेवेढे घ्यायला काय हरकत होती? ‘‘अहो बाई, तुमचं कसलं चुकतंय,’’ एवढं तरी म्हणायचं! तणतणतच दुकानात आले. तासभर कोणाशी धड बोलले नाही. मग दुपारी डबा उघडला, आणि जेवता जेवता लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांनी आज मी दुसरी पोळी घेतली आहे.